बूच मारलेला पाइपर

आमच्या डब्लिनमध्ये चट्ट्यापट्ट्यांचा घागरा नेसून भेंडी निवडायला येणारा एकच पुरुष होता, आणि त्याला घागरा म्हटलेलं अजिबात खपत नसे. "किल्ट म्हण, किल्ट. आणि हे चट्टेपट्टे नव्हेत, टार्टन आहे टार्टन," असं ग्रोसरीच्या रांगेत मागच्या चार बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं जायचं. घागऱ्याच्या पुढे एक केसाळ चामडी पिशवी लोंबत असे. खरे स्कॉटिश लोक तिच्यात काय ठेवतात देव जाणे, ह्यांच्या पिशवीतून कढीपत्ता डोकावत असायचा.

आमच्या मराठी मंडळात सगळे त्यांना, बॅगपाइप वाजवतात म्हणून, पाइपरकाका म्हणत. मी मनातल्या मनात काय म्हणत असे ते इथे लिहिण्यासारखं नाही. आता ते तिकडे बॉथेलला लेकीकडे राहायला गेलेत, त्यामुळे हे सगळं बिनधास्त लिहिते आहे. इथे असते तर त्यांनी वाचून आधी माझं शुद्धलेखन काढलं असतं.

मूळचे मिरजेचे. आणि मी सांगलीची, त्यामुळे मिरजकरांच्या थापा मला लहानपणापासून पाठ. "आम्ही मिरजेचे. तंबोऱ्याच्या भोपळ्यात जन्मलो," हे पहिलं वाक्य. दुसरं वाक्य "ग्लासगोत असताना..." ह्या दोन वाक्यांच्या मध्ये काका आयुष्यभर झोके घेत होते. ग्लासगोत म्हणे प्रत्येक गल्लीत एक बँड. ग्लासगोत म्हणे एक सूर हलला तर माणसं हातातली बिअर खाली ठेवतात. ग्लासगोत म्हणे पाइपरसमोर कुणी चिवडा खात नाही. हे शेवटचं आमच्या दिवाळीच्या कार्यक्रमात, स्वतः चिवडा खाता खाता.

आमच्या गावाचं नाव डब्लिन, ओहायोतलं का असेना, पण डब्लिनच. म्हणजे आयर्लंडचं. गावात जिकडेतिकडे आयर्लंडच्या खुणेची हिरवी तिपानं आणि आयरिश पाट्या. काकांना हा स्वतःचा अपमान वाटायचा. पत्ता सांगताना ते गावाचं नाव इतकं पुटपुटत सांगायचे, की पिझ्झावाला हमखास चुकायचा. मग उशिरा आलेल्या, गार पिझ्झाच्या साक्षीनं त्या बिचाऱ्याला आयरिश पाइप आणि स्कॉटिश पाइप ह्यांतला फरक ऐकावा लागे.

काकू वर्षातले बरेच महिने बॉथेललाच असायच्या. नातवंडं लहान आहेत, म्हणायच्या. नातवंडं कॉलेजात गेली तरी लहानच होती. आम्ही कुणी काही विचारत नसू.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती गणपतीत. मंडळाच्या ढोलताशा पथकात मी ताशा वाजवते. मिरवणूक पार्किंग लॉटमधून वळली आणि काका किल्टसकट आडवे आले. म्हणाले, "हात बरा आहे. अक्कल नाही. गुरुवारी चर्चच्या बेसमेंटमध्ये ये." गावात एक स्कॉटिश पाइप बँड होता, त्यांना ड्रमर हवे होते. मी गेले. का गेले? तर ऑफिस आणि मुलांच्या स्विमिंगच्या मध्ये मला माझ्यासाठी काहीतरी हवं होतं, आणि त्या ड्रमचा कडकडाट ताशाच्या सख्ख्या बहिणीसारखा होता. काकांचे आभार मानायचे तर एवढ्यापुरते मानते.

बँडचा म्होरक्या एक डेंटिस्ट होता. उंच, लाल कानांचा, अबोल. त्याचे पणजोबा स्कॉटलंडचे, तो स्वतः कधी गेलेला नाही. काकांना एवढं पुरे होतं. "ह्या माणसानं स्कॉटलंड बघितलेलं नाही. आणि हा मला शिकवणार? दात उपट म्हणावं." हे मराठीत, हसतमुखानं, त्याच्या तोंडावर. तो बिचारा विचारायचा, "व्हॉट डिड ही से?" मी म्हणायचे, "ही लाइक्स युअर टाय."

डेंटिस्टचं सांगणं एकच होतं, रोज अर्धा तास घरी बसून बोटं साफ करा. काकांनी अर्धा तास कधीही दिला नाही. त्यांनी चांदीच्या कड्यांचे पाइप मागवले. काचेचं कपाट करून घेतलं, त्याला आतून दिवा लावला. पाइपच्या इतिहासावर ते मंडळात भाषण द्यायचे. बोटांनी सुरावर अलंकार कसा घ्यावा ह्यावर त्यांनी मला, म्हणजे ड्रम वाजवणाऱ्या बाईला, तासभर शिकवलं. वाजवण्याची वेळ आली की मात्र पाठ दुखायची, नाहीतर हवा दमट असायची. हवा दमट नसली तर कोरडी असायची.

आता थोडं त्या वाद्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय ह्या माणसाची मजा कळायची नाही. काखेत एक पिशवी असते. खांद्यावरून वर तीन नळ्या जातात, त्या तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून राहतात. खाली भोकांची एक नळी, तिच्यावर बोटं नाचवायची. प्रत्येक नळीच्या तोंडात पत्ती, सनईला असते तशी. पत्ती काढून घेतली की वाद्य मुकं.

तर, उन्हाळ्यात स्कॉटिश खेळांचे मेळे भरतात. मोठमोठे ओंडके फेकायचे, नाच, आणि बँडची स्पर्धा. मैदानात गोल आखलेला असतो, त्यात बँडनं वाजवत शिरायचं. नियम असा, की अमुक इतके पाइपर हवेतच. माणसं कमी पडतात, मग कच्चा पाइपर असला तरी उभा करतात. फक्त गोलात शिरायच्या आधी त्याच्या पाइपमधल्या पत्त्या काढून घेतात आणि सगळ्या तोंडांना बूच मारतात. माणूस दिसतो, आवाज येत नाही. सगळे बँड करतात, कुणी बोलत नाही.

पहिल्याच मेळ्याला मी हे बघितलं. तंबूमागे डेंटिस्ट खिशात बुचं घेऊन उभा होता. काकांनी न सांगता आपले पाइप पुढे केले, देवळाबाहेर चपला काढून द्याव्यात तसे, आणि मान वळवून दुसरीकडे, ओंडकेवाल्यांकडे बघत राहिले. डेंटिस्टनं चारही तोंडांना बूच मारलं. माझ्याकडे बघून फक्त खांदे उडवले. मला एकदम लख्ख उजेड पडला. म्हणजे इतकी वर्षं! ग्लासगो, मिरज, तंबोऱ्याचा भोपळा, आणि आत बूच!

आणि त्याहून गंमत म्हणजे, बूच मारलेली पिशवी एकदा फुगली की फुगलेलीच राहते. फुंकायचं कारणच नाही. पण काका असे फुंकत होते, गाल असे टम्म, कपाळाच्या शिरा अशा तटतटलेल्या, की बघणाऱ्याला वाटावं सगळा बँड ह्या एका माणसाच्या दमावर चाललाय. अख्ख्या बँडमध्ये त्यांच्याइतका घाम कुणालाच आला नव्हता.

मंडळातली आठदहा माणसं डबे घेऊन बघायला आलेली. थालीपीठं निघाली. काका किल्टचा घोळ आवरून खुर्चीत बसले आणि म्हणाले, "दुसऱ्या चालीतली माझी जागा ऐकलीत का?"

कुणी काही बोलायच्या आत गणवीरकाका म्हणाले, "ऐकली ना. काय वाजवलीस बाप्पा!"

मी थालीपीठ खाली ठेवलं. मला वाटलं, एवढा हुशार माणूस आणि इतका भोळा!

गणवीरकाका म्हणजे ह्या माणसाचा एकुलता एक मित्र. नागपूरचे, निवृत्त इंजिनिअर. आमच्याकडच्या बुद्धजयंतीचा सगळा कार्यक्रम तेच उभा करायचे, आणि खिचडीला मीठ बेतात पडलंय ना ते स्वतः बघायचे. संगीतातलं काही कळत नाही असं ते उघड सांगत. काकांचं ग्लासगो त्यांनी हजारदा ऐकलं असेल, आणि दरवेळी "मग?" असं विचारत ऐकलं. बाकीचे सगळे आम्ही काका दिसले की फोन कानाला लावून दुसरीकडे वळायचो. गणवीरकाका खुर्ची ओढून जवळ बसायचे.

ग्लासगोची खरी गोष्ट मला त्यांनीच सांगितली. काकांना कंपनीनं तरुणपणी पंपांच्या ट्रेनिंगला थोडे महिने तिकडे पाठवलं होतं. खोलीवर भात शिजवून खायचे. एका शनिवारी गल्लीतल्या पबमध्ये चारपाच जण कोपऱ्यात बसून पाइप आणि फिडल वाजवत होते. काका आत गेले नाहीत. आत गेलं तर काय मागायचं, कुठे बसायचं, लोक काय म्हणतील, म्हणून खिडकीबाहेर थंडीत उभे राहून ऐकलं. तेवढंच. ह्या एका संध्याकाळच्या जोरावर माणसानं चाळीसेक वर्षं भाषणं ठोकली! मी खूप हसले. गणवीरकाका हसले नाहीत. म्हणाले, "अगं, पण ऐकलं ना त्यानं."

दर वसंतात डेंटिस्ट परीक्षा घ्यायचा. प्रत्येकानं एकट्यानं एक चाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. बरी वाजली की बूच नाही. काका त्या गुरुवारी कधीही आले नाहीत. एकदा लेक येणार होती. एकदा गाडीचं टायर. एकदा तर चक्क एकादशी. स्कॉटिश पाइपचा आणि एकादशीचा काय संबंध, विचारायची सोय नाही.

मग गणवीरकाकांना कॅन्सर निघाला. लिव्हरचा, आणि उशिरा कळला. आम्ही सगळे आळीपाळीनं डबे न्यायचो. एका रविवारी त्यांच्या घरी मी होते, गणवीरकाकू होत्या, पाइपरकाका होते. गणवीरकाका उशीला टेकून बसले होते, हळदीसारखे पिवळे. म्हणाले, "ऐक. माझ्या वेळी तू वाजवायचंस. एकट्यानं. ड्रम नको, बँड नको."

"हट् लेका, तूच मला पोचवशील," काका म्हणाले.

"वचन दे."

काकांनी वचन दिलं. माझ्या देखत, हातावर हात मारून. मी तिथे बसल्या बसल्या घामाघूम झाले. माणूस मरायला टेकलाय, तो एकच गोष्ट मागतोय, आणि ती मागतोय बूच मारलेल्या पाइपरकडे!

बाहेर अंगणात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "काका, अजून वेळ आहे. मी डेंटिस्टशी बोलते, तो घरी येऊन शिकवेल. एकच चाल बसवा."

"मला? तो?"

"मग स्वतः करा. पण करा."

आणि नवल म्हणजे त्यांनी केलं. चार दिवस. आमच्या मागच्या तळ्याकाठी जाऊन वाजवायचे. पाचव्या दिवशी कुणीतरी फोन केला, तळ्यापाशी एक जनावर अडकलंय आणि फार हाल होताहेत. पोलीस आला. अगदी सभ्य होता, हॅट काढून म्हणाला, "सर, इट्स यू?" काका त्याच पावली घरी आले, पाइप काचेच्या कपाटात गेले, दिवा लागला. मला म्हणाले, "ह्या देशात कान नाहीत लोकांना." मला हसू आलं आणि चीडही आली. अहो, हसले लोक तर हसले! तो माणूस तिथे दिवस मोजतोय, आणि ह्यांना पोलिसाचं लागलंय.

गणवीरकाका थंडीच्या सुरुवातीला गेले. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी मी काकांकडे गेले. ते किल्टला इस्त्री करत होते, प्रत्येक चुणी वेगळी.

"काका, पत्ती घालणार आहात ना?"

"तू तुझा ताशा बडव."

"वाईट वाजलं तर वाजू दे. त्यांना काय, ते गेलेत. पण आवाज काढा."

"चारचौघांत? मंडळ येणार आहे सगळं. ईडन प्रेरीहून त्याचा मुलगा येणार आहे, त्याचे गोरे सासूसासरे येणार आहेत."

मी म्हटलं, "मग येऊ नका. पाठ दुखते म्हणा."

त्यांनी पुढच्या चुणीवर इस्त्री टेकवली. मी निघून आले. मोठ्या माणसाशी असं बोलू नये हे मलाही कळतं, पण मला त्या क्षणी ते मोठे वाटत नव्हते.

फ्युनरल होममध्ये पुढे बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्या, पांढरी फुलं. त्रिशरण झालं, पंचशील झालं. गणवीरकाकूंचा आवाज एकदाच अडखळला. मग मुलगा उभा राहिला आणि इंग्रजीत म्हणाला, की बाबांची शेवटची एक इच्छा होती. काका मागून चालत आले. पूर्ण पोशाख, पायांत बुटांवर चढवायचे पांढरे गेटर, टोपीला पीस. शवपेटीच्या उशाशी उभे राहिले. पिशवी काखेत घेतली. गाल फुगवले. कोपर दाबलं.

काही नाही.

बोटं मात्र चालू झाली. बोटं भोकांवर आपटल्याचा बारीक टप टप आवाज, एवढाच. ह्या वेळी डेंटिस्ट नव्हता, चारही बुचं त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती. घरी बसून, सावकाश. मित्राच्या मयताला जाताना.

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. निदान खाकरेल. कसलं काय! माझ्या पुढच्या रांगेत मंडळाचे अध्यक्ष बायकोच्या कानाशी पुटपुटले, "स्कॉटिश पद्धत असणार. मौन." बाईंनी मान डोलावली आणि डोळे मिटले. त्यांचं बघून मागच्यांनी मिटले. मुलाच्या गोऱ्या सासऱ्यांनी छातीवर हात ठेवला. त्यांना वाटलं, ही बौद्ध पद्धत. इतकी वर्षं ग्लासगोतली एकेक पद्धत ऐकवून काकांनी माणसं अशी तयार केली होती, की आता ते तिथे टोपीतून ससा काढते तरी मंडळानं हात जोडले असते. सगळी चाल झाली, पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा. एकही भाग गाळला नाही. मग सलाम ठोकला. मुलानं त्यांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "अंकल, दॅट वॉज ब्यूटिफुल."

काका म्हणाले, "थँक यू."

मला भयंकर संताप आला होता. आवाज नाही तो नाही, पण 'थँक यू' म्हणायची लाज नाही वाटली! मरणाऱ्याला शब्द दिला आणि त्याच्या उशाशी उभं राहून त्याला फसवलं. शवपेटी दहनासाठी आत गेली, दार बंद झालं. लोक बाजूच्या हॉलमध्ये जेवायला वळले. गणवीरकाकूंना गर्दी नको होती, मी त्यांना घरी सोडणार होते. आम्ही बाहेर पार्किंगमध्ये आलो तर काका गाडीच्या डिकीपाशी पाइपच्या पेटीची कडी लावत उभे होते.

काकू माझा हात सोडून त्यांच्यापाशी गेल्या.

"भाऊजी, ह्यांना माहीत होतं ना."

"काय, वहिनी?"

"ते बूच. पहिल्याच वर्षी, मेळ्यात, तंबूमागे दिसलं त्यांना. पाणी आणायला गेले होते."

काकांनी पेटीची कडी घट्ट दाबली.

"मी म्हटलं, मग ऐकली म्हणून काहून सांगता? तर म्हणाले, जाऊ दे. त्याला चारचौघांची भीती वाटते. मग आजारात म्हणाले, मी त्याच्याकडून वचन घेतो. मेलेल्या माणसापुढे तरी वाजवेल. मी काय नावं ठेवणार आहे त्याला?"

काकांचं तोंड उघडलं. मला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. ते म्हणाले, "वहिनी, ग्लासगोत अशी एक पद्धत..."

"पुरे जी," काकू म्हणाल्या. रागानं नाही. दमल्या होत्या. येऊन माझ्या गाडीत बसल्या, पट्टा लावला.

मी गाडी सुरू केली. आरशात काका दिसत होते. त्यांनी पेटी परत उघडली होती. थंडीत बोटं वळत नव्हती, बूच निघेना, तर दातांनी ओढलं. एक बूच खाली पडून गाडीखाली गेलं. मग डबीतून पत्त्या काढल्या, एकेक करून बसवल्या. मी म्हटलं, आता? आता काय उपयोग? अर्ध्या तासापूर्वी तो माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता! मी मोठ्यानं म्हटलं हे, काकूंच्या देखत. मला राहवलं नाही.

आणि तो आवाज आला. काय सांगू! आधी तिन्ही नळ्या तीन दिशांना ओरडल्या. मग त्यावर चालीची पहिली ओळ आली, घसरली, परत आली. दम पुरेना, सूर खाली बसला, मग किंचाळत वर गेला. जनावराबद्दल फोन करणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. हॉलच्या काचांशी कागदी प्लेटा हातात घेऊन लोक गोळा झाले. अध्यक्ष होते, मुलगा होता, गोरे सासूसासरे होते. कुणीतरी हसलं, ते इथून दिसलं. काकांनाही दिसलं असणार, त्यांचं तोंड तिकडेच होतं. ते थांबले नाहीत.

गणवीरकाकूंनी बटण दाबून काच खाली केली. गार वारा भसकन आत आला.

"भलतंच वाईट वाजवतात हो हे," त्या म्हणाल्या.

"निघू या का?" मी विचारलं.

"थांब," त्या म्हणाल्या. "त्यांचं होऊ दे."